टॅपेट कव्हरला लाल रंग

अन्याय झाला तो माझ्या आईवर, गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी, ती डबे पोचवून नुकती जेवायला बसली होती तेव्हा. तिला न विचारता तिच्या गाडीचं इंजिन खोललं गेलं. खोलणारा माझा सख्खा थोरला भाऊ.

गाडी जुनी, लहान, मागची सीट काढलेली. खालापूरजवळच्या आमच्या गावातून आई तिच्यात मोहोपाड्याच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचे डबे नेते. कायम कामगारांना कारखान्याचं कॅन्टीन आहे, कंत्राटींना आईची आमटी. जेवणाची सुट्टी अर्धा तास. डबा चुकला की माणूस उपाशी मशीनवर.

भावाला त्याचं काय? आमच्या आळीत खंडेनवमीला गाडीची पूजा बॉनेट उघडून करतात. मग पुरुषमंडळी एकमेकांच्या इंजिनात डोकावत हिंडतात. गाडी बाई चालवत असली तरी नारळ फोडणार पुरुषच. तर या डोकावणाऱ्यांसाठी साहेबांनी टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, काढलं, पेट्रोलनं धुतलं आणि अंगणात लालभडक स्प्रे मारला. घासून साफ करायचा कंटाळा. वरून मारला, खालून मारला, रबराचं पॅकिंग बसतं त्या कडेवरही मारला.

नवमीच्या सकाळी त्यानं ते बसवलं. आई म्हणाली, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला गाडी लागंल. एकदा चालू करून बघ रं."

"पूजंला बसलेली गाडी चालू करतात काय, आये? हत्यार हाय ते. दसऱ्यापर्यंत हलवायचं नाय."

इतका धार्मिक तो वर्षात त्या दोनच दिवशी असतो.

आळी जमली. "शोरूमची वाटते रं," एक काका म्हणाले. दुसरे म्हणाले, "आता वैनीला हिच्यात डबे न्यायला लाज वाटंल." सगळे हसले. हळदकुंकू अजून न वाळलेल्या जाड रंगाला चिकटून बसलं, त्याचंही कौतुक झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईसोबत होते. कुंभिवलीच्या पुढं बॉनेटमधून धूर आला. कडेवरचा रंग उष्णतेनं मऊ पडून पॅकिंग सरकलेलं, आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर ठिबकत होतं. आईनं गाडी कडेला घेतली. मोटारसायकलवरचा एकजण थांबून विचारतो, "काकू, गिअर टाकता येतो ना?" आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक टेंपो थांबवून आम्ही डबे चढवले.

गेटवर पोचलो तेव्हा सुट्टी संपली होती. माणसं आत गेली होती, रिकाम्या पोटी. "संध्याकाळी देतो," वॉचमन म्हणाला आणि डबे उन्हातच ठेवून घेतले.

गाडी ओढून घरी आणल्यावर भावानं निकाल दिला, "तू रेस लय देतेस."

आई पायरीवर बसून कव्हरच्या कडेचा रंग सुरीनं खरवडत होती. तो आत नवमीला टाकलेल्या इंजिनाच्या फोटोंना आलेले लाइक बघत होता. अवजाराची पूजा करतात म्हणे. अवजार ज्या हातात असतं त्या हाताला यांच्या पूजेत जागा नाही; तिथं फक्त मिरवणाऱ्याचं बोट, स्प्रेच्या डबीवर.

तुमच्याही दारात बाईनं चालवलेली गाडी असेल. तिच्या बॉनेटला हात लावण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली, तर पाना खाली ठेवा. आणि या नवमीला नारळ तिच्या हातात द्या.