बिनशब्दांचा सूड

भिजवलेल्या सरकीच्या पेंडीचा वास आला की मला गिटार ऐकू येते. हे वाक्य मी एकदा शिक्षकखोलीत बोलून गेलो, तेव्हा आमच्या भूगोलाच्या बाईंनी माझ्याकडे ज्या काळजीने पाहिलं, ती काळजी मी तेव्हापासून टाळत आलो आहे; पण गोष्ट खरी आहे. तो आंबूस, गोडसर, किंचित तेलकट वास, सांजेला गोठ्यावरून तरंगत येणारा शेणीचा निळा धूर, खिडकीच्या गजांवर रेंगाळलेलं पिवळं ऊन, आणि या सगळ्याच्या तळाशी, कोणी अंधाऱ्या आडात एकेक खडा सोडत राहावं तसा पडत जाणारा एकच सूर. ज्या संगीताच्या मी पुढे प्रेमात पडलो ते जगाच्या कुठल्या थंड, परक्या कोपऱ्यात जन्मलं असेल ते असो. माझ्यापुरता त्याचा जन्म कोल्हापुरातल्या एका म्हशीच्या गोठ्यात झाला, आणि त्याची सुईण होती माझी सूडबुद्धी.

मी शाळेत मराठी शिकवत असे. शब्दांवर माझं पोट, आणि खोटं कशाला बोलू, शब्दांवरच माझा माजही. गल्लीला मी मास्तर, आणि माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला, विलासला, मी दाजी. विलासचा गोठा आमच्या घराच्या पाठीला चिकटलेला. मागच्या खोलीची खिडकी उघडली की समोर चांदणीची गव्हाण. चांदणी म्हणजे त्याची लाडकी म्हैस, कपाळावर पांढरा टिकला असलेली. विलासचा आवाज असा की तो दूध घालायला निघाला की पलीकडच्या गल्लीतल्या बायका पातेली विसळायला घेत. अशा माणसाच्या तोंडी सापडू नये एवढं शहाणपण माझ्यापाशी होतं. पण मला गाण्याचंही एक दुखणं होतं, आणि दुखण्यापुढे शहाणपणाचं काय चालतं?

शहरात तेव्हा सायबर कॅफे नुकतेच रुळले होते आणि गायकाचा आवाज काढून टाकलेली नुसती साथ सीडीवर उतरवून मिळू लागली होती. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात गल्लीतल्या हौशी गायकांचा कार्यक्रम ठरला, तशी मीही राजारामपुरीतल्या एका कॅफेवाल्याकडून जुन्या चित्रपटगीताची साथ उतरवून घेतली. सीडीवर नाव नाही, गाव नाही. घरी येऊन ती लावून पाहावी तर भारनियमन. "न्हाय म्हणजे इंट्रो जरा वाढवलाय हां मास्तर, नव्या पद्धतीचा हाय," एवढं मात्र त्याने बजावून सांगितलं होतं, आणि त्याच्या त्या एका वाक्याने माझा घात केला.

आरतीचा कापूर अजून हवेत होता. मी माइक हातात घेतला, मंडपवाल्याने सीडी लावली, आणि बराच वेळ काही वाजलंच नाही. मग फार लांबून, गगनबावड्याच्या घाटात धुक्यापलीकडून एखाद्या गाडीचा दिवा यावा तशी, एक गिटार आली. मी स्मित केलं. गिटार तेच तेच बोलत राहिली. मी डोळे मिटून मान डोलावली. दुसरी गिटार आली, पहिलीच्या शेजारी बसली. मी सदऱ्याचं बटण चाचपलं. एकदा वाटलं, हीच जागा. छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ते संगीत माझ्या उघड्या तोंडासमोरून, ओळख न दाखवता, वळून भलतीकडेच निघून गेलं.

पहिल्या रांगेतून विलास ओरडला, "दाजी, गाडी सुटली न्हवं?"

"आरं गप की," दुसरं कोणी म्हणालं, "मास्तर मनातल्या मनात हजेरी घ्यायला लागल्यात!"

"मग मी हजर हाय वो, दाजी!"

मंडप हसून लोळला. मी तरीही उभा. खाली उतरावं तर हार, उभं राहावं तर फजिती. आणि इंट्रो वाढवलेला आहे यावर माझी श्रद्धा अढळ. शेवटी, सगळ्यांचं हसून झाल्यावर, त्या दोन गिटारींखालून ढोल असे काही फुटले की मंडपाचे पत्रे थरथरले, एक तान्हं मूल किंचाळलं, आणि मी, घाबरून, माझं ते जुनं चित्रपटगीत त्या गडगडाटात जिवाच्या आकांताने म्हणायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवसापासून विलासने दुधाबरोबर माझ्या गोष्टीचाही रतीब घातला. मापातून दूध ओतता ओतता तो मला वाजवून, गाऊन, तोंड वासून दाखवी. माझं नाव मुका मास्तर पडलं. वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागून कोणीतरी हळूच "हजर" म्हणे. सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्या बायकोला, शालनला, भावाची नक्कल आवडली. "तेवढं तोंड उघडायचं तरी न्हाय, मग कुणाला कळलं असतं?" असं ती म्हणाली, आणि त्या क्षणी मी ठरवलं की विलासला भर चौकात खाली पाहायला लावल्याशिवाय मी राहणार नाही.

कॅफेवाल्याने नंतर खुलासा केला: सीडी बदलली होती. ती कोणा बेंगळुरूच्या इंजिनिअरिंगवाल्याची. तो माझी घेऊन आपल्या गावी गेला होता. या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात आणि यात गाणारा नसतोच, हेही मला तिथेच कळलं. "मग गाणारा नसतो तर काय असतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "वाट बघणं असतंय, मास्तर."

सीडी मोडून टाकायची म्हणून मी ती घरी आणली. मोडण्याआधी आपला अपराधी नीट पाहून घ्यावा, म्हणून एका दुपारी लावली आणि खुर्चीत ताठ बसलो, दात आवळून. आणि काय सांगू, माझ्या रागाला इतका वेळ देणारं आजवर कोणी भेटलंच नव्हतं. बायको म्हणे सोडा, मित्र म्हणत विसरा. हे संगीत म्हणालं, बस, आपल्याला घाई नाही. एकच सूर, मग तोच पुन्हा, मग त्याच्या कडेला किंचित ओल. लहानपणी मामाच्या गुऱ्हाळावर काहिलीशेजारी तासन्‌तास बसायचो ते आठवलं. उसाचा हिरवट रस नुसता पडून असतो, खाली जाळ, वर काहीच नाही, मळी काढणारा काढत असतो. आपण कंटाळून दुसरीकडे पाहतो न पाहतो तोच काहील एकदम फुगून येते, तांबूस फेसाचा डोंगर काठापर्यंत चढतो आणि साऱ्या शिवारात तो करपट-गोड वास भरून राहतो. ढोल फुटले तेव्हा माझा राग तसाच वर आला, आणि उतू जाण्याऐवजी, कसा कोण जाणे, पाकाला आला. आयुष्यभर मी मुलांना शिकवत आलो की भावनेला योग्य शब्द सापडला की ती मोकळी होते. इथे एकही शब्द नव्हता आणि मी खुर्चीत बसून घामाघूम झालो होतो.

सीडी मोडली नाही. सुडाचा विचारही मोडला नाही. उलट त्याला आता पार्श्वसंगीत मिळालं.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते. भादरून नक्षी काढलेल्या अंगावर तेलाची चकाकी, रंगवलेली शिंगं, त्यांवर मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा. आणि मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटरसायकल फाडफाड उडवत पुढे, म्हैस त्याच गाडीच्या आवाजामागे गर्दी चिरत धावते. शंभर गाड्यांत ती आपल्या मालकाची गाडी ओळखते, यातच त्याची सारी इज्जत. विलासची इज्जत चांदणीच्या कानात होती. मी म्हटलं, मग कानच फितवायचे.

बेत असा: रोज संध्याकाळी विलास धारेला बसला की मी खिडकीत ती सीडी लावायची आणि गजांतून चांदणीला गुळाचा खडा द्यायचा. तो तिच्या कुशीआड बसलेला, त्याला खडा दिसायचा नाही. पाडव्याला आमच्या सज्जातून मोठ्या कर्ण्यांवर तेच संगीत सोडायचं. चांदणी भर मिरवणुकीत मालकाची गाडी सोडून माझ्या दारात येऊन उभी राहील आणि विलास रिकाम्या रस्त्यावर एकटाच फाडफाड करत पुढे जाईल. पदवी आणि वीस-बावीस वर्षांची मास्तरकी असलेला माणूस असा विचार करू शकतो, यावर माझा आज विश्वास बसत नाही. तेव्हा मात्र मला त्यात एक काव्यात्म न्याय दिसत होता.

"दाजी, लावलं का रडगाणं परत?" तो गोठ्यातून विचारी.

"तुझ्यासाठी नाही, स्वतःसाठी लावतो."

"मग दार लावून घ्या की. म्हस माजंल!"

मी मनात म्हणे, माजू दे. पण दसरा सरला, दव पडू लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की गुळाचा खडा माझ्या हातातच विरघळतो आहे. देण्याची वेळ कधीच टळून गेलेली असे. संध्याकाळ गोठ्यात उतरे, चांदणीच्या श्वासाची वाफ गजांशी येई, आणि आम्ही दोघे, ती रवंथ करत, मी रागाचं रवंथ करत, त्या वाढत जाणाऱ्या आवाजाकडे कान लावून थांबलेले असू.

पाडव्याला दुपारीच मंडपवाल्याकडून कर्णे आणून सज्जात बांधले. मिरवणूक कोपऱ्यावर आली, मी सीडी सुरू केली, आणि माझी चूक तत्क्षणी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या संगीताला चढायला वेळ लागतो! खाली गाड्यांचा कडकडाट, हलग्या, फटाके, आणि माझ्या कर्ण्यांतून तो एकटा बिचारा सूर, आडात पडणारा खडा. विलास वळणावर दिसला, गुलालाने माखलेला. मागे चांदणी, मोरपिसं हलवत. बोटाशी बटण होतं. एकदा दाबलं असतं की सीडी थेट ढोलांवर गेली असती. दीड महिना ज्यासाठी जागवला तो क्षण माझ्या सज्जाखाली आला होता.

मला दाबता आलं नाही. मधलं सगळं वगळून शेवटाला उडी मारायची, या कल्पनेनेच मला कसंतरी झालं. जणू कोणाचं बोलणं अर्ध्यात तोडून त्याच्या तोंडातला शेवटचा शब्द हिसकावून घ्यायचा. चांदणी माझ्या सज्जाखालून गेली, तिने कानही हलवला नाही. विलासने वर पाहून, गाडीवरूनच, तोंड वासून दाखवलं. ढोल फुटले तेव्हा रस्त्यावर शेण, गुलाल आणि तुटलेल्या कवड्या वेचणारी एक म्हातारी होती. तिने कानांवर हात ठेवले आणि मला शिवी दिली. कर्णे परत करून मी सीडी कपाटात टाकली आणि खिडकी लावून घेतली.

दोन-तीन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, विलास दारात येऊन उभा राहिला. हातात दुधाची रिकामी चरवी.

"दाजी, ते तुमचं लावा की."

"कुठलं?"

"ते वो... मुकं." त्याने मान खाली घातली होती. "चांदणी सांजचं पान्हा सोडंना झालीया. रेडकू सोडून बघितलं, पेंड बदलली, डॉक्टर आणला. खिडकीकडं बघत उभारत्या नुसती."

मित्रहो, देव कधी कधी अशा रस्त्याने येतो की आपण त्याला ओळखतही नाही. मी खुर्चीत मागे रेललो. "अर्धवट लावता येत नाही ते. पहिल्यापासून ऐकावं लागतं."

"लावा वो, बसतो."

"आणि मध्ये बोलायचं नाही."

"आता लावा की हो," शालन आतून म्हणाली, "माझा भाऊ दारात उभारलाय."

मी सावकाश उठलो. इतका सावकाश मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो. त्या दिवसापासून रोज सांजेला विलास गोठ्यात चरवी घेऊन थांबू लागला आणि मी खिडकीत त्याचं थांबणं पाहू लागलो. त्याच्या गिऱ्हाइकांची पातेली रिकामी, त्याचा उशीर वाढणारा, आणि संगीताला घाई नाही. त्या काळात मला रात्री फार गाढ झोप लागे. गंमत म्हणून मी सर्वांत लांब तुकडाच निवडत असे.

पौषात एकदा चांदणीने लवकर पान्हा सोडला. ढोल यायला अजून पुष्कळ अवकाश होता आणि चरवी भरलीही. विलास उठून जाईल म्हणून मी बटणाकडे हात नेला. तो उठला नाही. गुडघ्यांत चरवी धरून, डोकं म्हशीच्या कुशीला टेकून तसाच बसून राहिला, आणि दुधावरचा फेस हळूहळू विरत गेला. मी पाहत राहिलो. गल्लीभर माझी नक्कल करणारं ते तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. याच क्षणी बंद करावं, याहून मोठा सूड जगात नाही, हे मला लख्ख कळत होतं. दुसरी गिटार आली. बोट बटणावर होतं. गोठ्यात कोणी हललं नाही.

विलास वर न बघता हलक्या आवाजात म्हणाला, "थांबा दाजी, आता येतंय."

मी त्याला माफ केलेलं नव्हतं. आजही केलेलं नाही. पण ते आलं तेव्हा, पत्रे थरथरले, चांदणीने मान वर केली, आणि माझ्या छातीत काठापर्यंत जे चढून आलं त्याला मी राग म्हणत होतो, कारण माझ्यापाशी त्याच्यासाठी तेवढा एकच शब्द होता.