स्कॉच आजोबा

माझ्या आईचे आजोबा एका स्कॉटिश साहेबाचे पुत्र होते, असं आमच्या घरात मानलं जायचं. पुरावा म्हणाल तर एक फोटो होता. त्यात ते कोट घालून खुर्चीवर बसलेत आणि त्यांचे डोळे त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोतही फिके दिसतात. दुसरा पुरावा म्हणजे आईनं लहानपणी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं एक वाक्य : "आजोबा स्कॉचकडून आले." यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं. तो साहेब कोण, मुलाची आई कोण, त्यांचं लग्न झालं होतं का, हे विचारायची पद्धत नव्हती.

आई घारी होती. माझी धाकटी बहीण तिच्याहून घारी. मी वडिलांवर गेलो, डोळे काळे. शाळेत पोरं म्हणायची, "बहीण स्कॉच, हा देशी." पुढे सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा मीच ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. "काय स्कॉच, सोडा कुठाय?" असं कुणी म्हटलं की मी वरवर चिडायचो, पण आतून बरं वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते आईसाठी केलं असं मी फार वर्षं म्हणत आलो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक म्हातारं स्कॉटिश जोडपं नाशिकला आलं. नवऱ्याचे कुणी पणजोबा फौजेत होते आणि देवळाली कॅम्पात वारले होते. त्यांची कबर शोधत दोघं आले होते. रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर ते मंडळीत सगळ्यांशी बोलत उभे राहिले. आई इंग्रजीची निवृत्त शिक्षिका. तिनं त्यांना सरळ घरी चहाला आणलं आणि फोटो दाखवला.

म्हाताऱ्यानं चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. मग बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हनुवटी आपल्याकडची वाटते, नाही?"

आज मला कळतं, की चहा आणि नानकटाई पुढे ठेवणाऱ्या बाईला माणूस असंच काहीतरी गोड बोलतो. आईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. म्हातारा म्हणाला, पूर्वज शोधायचे तर क्रमानं जावं. आधी बाप्तिस्म्याची नोंद बघा, मग लग्नाची, मग कबर. घरातल्या गोष्टींवर विसंबू नका. माणसं बढाया मारतात. दगडावर कोरलेलं मात्र सहसा खरं असतं, कारण पैसे देऊन कुणी खोटं कोरून घेत नाही. पत्ता देऊन ते गेले. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली तर ते तिकडच्या कागदांशी ताडून पाहणार होते.

आईनं मला चर्चमध्ये पाठवलं. त्या दिवशी तिथं एक लग्न होतं. पाळकसाहेबांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं, "सावकाश बघा" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. बाहेर बँडवाले वाद्यं जुळवत होते. नोंद मला लगेच सापडली. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर स्वच्छ होतं. पान सुरक्षित होतं. बापाच्या नावाच्या रकान्यात नुसती रेघ, आईच्या नावाच्या रकान्यात रेघ, आणि शेवटी इंग्रजीत शेरा : स्कॉच मिशनकडून आलेला. दुष्काळातला पोरका. सुरगाण्याकडचा, डोंगरी. वय अंदाजे पाच.

स्कॉचकडून म्हणजे मिशनकडून. कुठला साहेब नाही, काही नाही. डोंगरातल्या आई-बापांचं एक मूल. ते आई-बाप उपाशी मेले असणार आणि हे उरलं असणार. कुणीतरी त्याला उचलून मिशनच्या दारात ठेवलं, तिथून ते नाशिकला आलं. त्याच्या घरच्यांनी त्याला काय नावानं हाक मारली असेल, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पाळकसाहेब दारात आले. "मिळाला का तुमचा साहेब?"

"मिळाला," मी म्हणालो आणि रजिस्टर मिटलं.

घरी आई फाटकातच उभी होती. मी म्हणालो, "पान वाळवीनं खाल्लंय. एकच शब्द वाचता येतो."

"कुठला?"

"स्कॉच."

मला वाटलं होतं, असं अर्धवट सांगितलं की विषय संपेल. झालं उलटंच. तिनं तेवढा एक शब्द घट्ट धरला. पुढच्या रविवारी साऱ्या मंडळीला कळलं, की रजिस्टरातच लिहिलंय. त्या जोडप्याला तिनं लांबलचक पत्र लिहिलं. नाताळात त्यांचं बर्फाच्या डोंगराचं कार्ड आलं. त्यांच्या कागदांत जुळणारं काहीच सापडलं नव्हतं, पण शुभेच्छा होत्या. आईनं ते कार्ड फोटोशेजारी लावलं.

काही वर्षांनी बहीण नर्स झाली. तिला सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली. आई म्हणाली, "डोंगरात टाकलं पोरीला." बहीण तिथं रमली. तिथल्या एका शिक्षकाशी तिचं जमलं. तो कोकणा आदिवासी समाजातला, पण ख्रिस्ती कुटुंबातला, त्यामुळे धर्माची अडचण नव्हती. एका सुट्टीच्या दिवशी तो आमच्या घरी आला. येताना नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड घेऊन आला.

आईनं विचारलं, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

"सुरगाण्याच्या आत. जीप जाते थोडं, पुढं पायी."

"आणि त्याच्या आधी? मूळचे कुठले?"

"आधी पण तिथलेच. आम्ही कुठून आलो नाय, बाई. तिथंच हाय."

आईनं भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बोट केलं. तो उठून फोटोपाशी गेला. "आमची आत्या अशीच घारी हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं हायत अशी माणसं."

"ते स्कॉटलंडचे होते," आई म्हणाली.

"असतील की. आमची आत्या नागली लावते."

बहीण खुदकन हसली. आईनं कप खाली ठेवला. मी बशीतल्या पापडाकडे बघत बसलो. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. हे मला आत्ता सुचलेलं नाही. मला तेव्हाही ते कळत होतं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "मी जिवंत असेपर्यंत हे रक्त डोंगरात जाणार नाही."

बहीण नळावर कप विसळत होती. मी मागे गेलो. तिनं पाणी बंद केलं. "दादा, रजिस्टर तू पाहिलंस. खरं सांग, नक्की काय होतं त्यात?"

"वाळवी होती."

"म्हणजे स्कॉच, एवढंच?"

"एवढंच."

तिनं नळ पुन्हा सोडला.

ती आईविरुद्ध गेली नाही. शिक्षक थांबला, बरंच थांबला. मग त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे जमवलं. त्याच सुमारास आईला अर्धांगवायू झाला. बहिणीनं बदली मागून घेतली आणि ती नाशिकला आली. दिवसभर दवाखान्यातले पेशंट, संध्याकाळी घरात आई. मी बायकोमुलांसह रविवारी जायचो, फळं न्यायचो. आई तोंडाची एक बाजू हलवत माझ्या मुलांना स्कॉच आजोबांची गोष्ट सांगायची आणि बहीण रुमालानं तिची लाळ पुसायची. बहिणीचे केस याच काळात पांढरे झाले.

आई गेली. दफनानंतर महिनाभरानं मी बहिणीला घेऊन चर्चमध्ये गेलो. पाळक आता दुसरे होते, रजिस्टर तेच. तिनं शेऱ्याखाली बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कधी वाचलंस हे?"

"ते म्हातारं जोडपं आलं होतं तेव्हा."

"म्हणजे तो घरी आला तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"मी नळावर विचारलं तेव्हाही."

"हो."

ती रडेल, ओरडेल, याची मी तयारी करून गेलो होतो. तिनं रजिस्टर मिटून सरळ केलं. "कुणाला घाबरलास रे? आईला?"

"आईला नाही," मी म्हणालो. "मला देशी व्हायचं नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग झालास का स्कॉच?"

पुढे कबरीवरच्या दगडाचा प्रश्न आला. आपल्या दगडावर काय असावं हे आई आधीच सांगून गेली होती. नाव, वचन, आणि त्याखाली : स्कॉटलंडमधील घराण्याची नात. मी म्हणालो, ही ओळ गाळू. निदान आता तरी खरं राहू दे.

"नाही," बहीण म्हणाली. "लिही. तिच्याकडे तेवढंच होतं. माझं तू घेतलंस, तिचं राहू दे."

मी ती ओळ कोरून घेतली. पैसे मीच दिले.

नोव्हेंबरात कबरी स्वच्छ करायच्या दिवशी आम्ही दोघं जातो. पावसाळ्यात अक्षरांतला काळा रंग निघून जातो, तो पुन्हा भरावा लागतो. मी गुडघे टेकून बारीक ब्रशनं भरतो. बहीण फुलं घेऊन मागे उभी असते. नाव भरून होतं, वचन भरून होतं. शेवटच्या ओळीला माझा हात सैल पडतो.

"नीट भर," ती म्हणते. "वाचता आलं पाहिजे."