खजुराच्या डब्यातलं चौथं वाक्य

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मी कोण — तर श्रीवर्धनच्या जेटीवर पकडलेल्या सुरमईचं डोकं माझ्या मांडीवर आणि शेपूट अजून खाडीत होतं, असं तीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलेला उस्मान मुकादम. माझ्या पोटात काही राहत नाही, असा माझा लौकिक. हे राहिलं.

सौदीत, अल-खोबरला, आमच्या फ्लॅटवर जुम्म्याच्या नमाजनंतर बैठक बसते. दहा-बारा जण, सगळे रत्नागिरी-रायगडचे. आधी बिर्याणी, मग राजकारण. गावच्या ग्रामपंचायतीपासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत आम्ही कुणालाच सोडत नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला इसाकभाई परकार. ते इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. बोलायचे हळू, पण मुद्दा असा टाकायचे की माझा घास घशातच थांबायचा. मग मी आवाज चढवायचो आणि जिंकायचो. जिंकायचो? — म्हणजे टाळ्या मला पडायच्या.

एका शुक्रवारी वाद पेटला, दहा वर्षांनी हा देश कसा असेल? मी म्हटलं, उडती टॅक्सी येईल. इथून श्रीवर्धनला जेवायला जायचं आणि असरच्या नमाजला परत.

"आणि बाया गाडी चालवतील," इसाकभाई म्हणाले.

"तोबा. शंभर वर्षांत नाही. यंत्रं बदलतात, माणसं नाहीत."

"आमच्या गेटवर लेडी डॉक्टर ड्युटी संपवून ड्रायव्हरची वाट बघत उभ्या असतात, मुकादम. किती वर्षं उभ्या राहतील?"

मी तिथल्या तिथे पैज लावली. दोघांनी लिहून ठेवायचं. दहाव्या वर्षी, ईदला उघडायचं. ज्याचं चुकेल त्यानं बैठकीत राजकारणावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. खजुराचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. डबा राहणार माझ्या कपाटात. इसाकभाईंचा उजवा हात तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चार वाक्यं. बाया गाडी चालवतील. खोबरमध्ये तिकीट काढून सिनेमा बघता येईल. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, पाकिटात नाही, फोनमध्ये असेल. चौथं सांगताना ते थोडे लाजले. मी तेही लिहिलं, हसत हसत. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात — आता कळलं ना, मी कुठे चाललोय?

मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे — बायांच्या ड्रायव्हिंगवरची बंदी उठली, थिएटरं उघडली, इकामा फोनमध्ये आला. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. एका सकाळी सिग्नलला माझ्या शेजारी पांढरी गाडी येऊन थांबली. आत बाई. एकटी. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरलेला. मी जन्मभर थापा मारल्या, पण एवढी मोठी थाप मला कधी सुचली नव्हती. सिग्नल हिरवा झाला, ती गेली, मी तिथेच. मागून अख्खं खोबर हॉर्न वाजवत होतं. एक अख्खा देश माझ्या डोळ्यांदेखत कूस बदलत होता, आणि एका एक्स-रेवाल्याला ते दहा वर्षं आधी दिसलं होतं.

पुढच्याच क्षणी मला डबा आठवला.

ईदच्या दोन दिवस आधी, दुपारी, घरात कुणी नसताना मी डब्याची चिकटपट्टी सोडवली. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. कागद जुना वाटावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत वाळवला — तेवढी अक्कल मला होती. त्यांची तीन वाक्यं माझ्या नावावर. माझी उडती टॅक्सी आणि 'शंभर वर्षांत नाही' त्यांच्या नावावर. चौथं वाक्य मात्र कुठेच बसेना. ते दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नव्हतं. ते मी गाळलं, आणि मूळ चिठ्ठ्या गॅसवर जाळल्या.

कुणाला आठवणार होतं? आखातातली बैठक ही. दहा वर्षांत त्या दिवशीचा एकेक जण फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे नोकरी संपवून कायमचा, गावी गेला होता. उरलो होतो आम्ही दोघं.

ईदला नव्यानं आलेल्या एका इंजिनिअरनं चिठ्ठ्या वाचल्या. उडत्या टॅक्सीला सगळे पोट धरून हसले. मला टाळ्या. "चाचा, तुम्ही तर नजुमी, पक्के ज्योतिषी निघालात," कुणी तरी म्हणालं. इसाकभाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघतात ना, तसं पाहिलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मी हरलो. रायता इकडे द्या."

त्यानंतर ते दर शुक्रवारी आले. जेवले, सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली. राजकारण निघालं की गप्प. इतक्या निवडणुका आल्या-गेल्या, इतकी सरकारं पडली — एक शब्द नाही. मी आवाज चढवायचो आणि समोर कुणीच नसायचं. का केलं मी हे? टाळ्यांसाठी. दुसरं काही कारण सापडतंय का, ते पुष्कळ शोधलं. नाही.

गेल्या महिन्यात इसाकभाईंचं फायनल एक्झिट लागलं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, चक्कर मारायला बोलावलं. गाडी त्यांची मुलगी चालवत होती. सना — डबा बंद केला तेव्हा तिसरीत होती, आता नोकरी करते. ते तिच्या शेजारी, मी मागे. डावीकडे समुद्र, तिचा हात गिअरवर, आणि इसाकभाईंचा चेहरा आरशात — इतकं भरून पावलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. आणि मी एका बैठकीत सुरमईची लांबी हातभर वाढवणारा माणूस आहे, हे लक्षात घ्या. इथे मी काही वाढवत नाहीये.

"अंकल," सना म्हणाली, "पापा सबको बोलते हैं, लेडीज ड्रायव्हिंग का सबसे पहले आपने प्रेडिक्ट किया था. ट्रू?"

इसाकभाई समुद्राकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. सांगायला ती जागा होती, ती वेळ होती, दोघंही समोर होते.

"हां बेटा," मी म्हटलं. "मैंने ही बोला था."

चौथं वाक्य असं होतं : माझी सना मला गाडीत बसवून या कॉर्निशवरून फिरवेल.