काईलीतली जागा

शिकायला जर्मनीला निघालो त्या दिवशी वेदगंगेला पूर होता. नाव वाहून गेली होती, म्हणून आप्पांनी काईल पाण्यात लोटली. उसाचा रस आटवायची ही भली रुंद कढई; पुरात आमच्याकडं तीच नाव होते. पैलतीरी उतरवताना आप्पा एवढंच म्हणाले, "तिकडं मोठ्या माणसांत ऊठबस ठेव."

मोठा माणूस भेटला. बर्लिनमध्ये माझ्या घरमालकिणीचा मुलगा ओटो वल्हवण्याच्या शर्यतीतला नामांकित गडी होता. वल्ही मारणारे पाठमोरे बसतात. पुढचं दिसतं ते फक्त सुकाणूवाल्याला. त्यांचा सुकाणूवाला लिओ, चणीनं लहान, धर्मानं ज्यू. "लिओ म्हणजे माझे डोळे," असं ओटो म्हणायचा.

मग नवं सरकार आलं आणि क्लबनं लिओला नावेतून उतरवलं. ओटो अवाक्षर बोलला नाही. नव्या सुकाणूवाल्याबरोबर जिंकत राहिला, देशाचा विजेता झाला. वर्तमानपत्रात फोटो, छातीवर बिल्ला, सरकारी नोकरी. इकडं बेळगावात त्या राज्याच्या शिस्तीचं कौतुक करणारे शहाणे होते. लिओची रिकामी केलेली जागा त्यांना दिसली नाही.

विजयाच्या मेजवानीत मी ओटोला तोंडावर भेकड म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या बापाच्या कढईची गोष्ट तू मोठ्या मौजेनं सांगतोस. तिच्यात सगळं गाव बसतं का?"

त्याचा प्रश्न खरा होता. पण म्हणून ओटो खरा ठरत नाही. गावकऱ्यांनो, आपणही ठरत नाही. आपला महारवाडा नदीला लागून. पूर आधी त्यांच्या दारात शिरतो. ऊस तेच तोडतात. पण काईल त्यांना कधी मिळाली? तिच्यात गूळ शिजतो म्हणे, विटाळ होतो.

लढाई पेटायच्या आत मी परत आलो आणि बेळगावच्या एका छापखान्यात लागलो. गेल्या पावसाळ्यात आई आजारी असल्याचा निरोप आला, म्हणून गावाकडं निघालो. पुन्हा पूर. आप्पा काईल घेऊन आलते. काठावर महारवाड्यातली सोनाबाई, कडेवर भिजलेलं नातवंड घेऊन, पलीकडं घरी जायला सकाळपासून उभी होती.

मी म्हणालो, "आप्पा, आधी हिला बसवा."

"मग त्यातला गूळ काय तुझा बा खाईल व्हय रं?"

"माझा बा तुम्हीच की. खावा."

आप्पा हसले न्हाईत. सोनाबाईच म्हणाली, "जावा मालक. आईसाब वाट बघत असत्याल. आमी थांबतावच की."

मी बसलो नाही. आप्पांनी काईल वळवली. रिकामी.

गावकऱ्यांनो, आईला सांगा, मी काठापर्यंत आलतो. आमच्या घराचं छप्पर तिथून दिसत होतं. काईलीत सोनाबाईला जागा झाली की निरोप धाडा. त्याच फेरीत मी येईन.