नदीपलीकडून आलेला होकार

बाबा गेले आणि आमच्या घरातला देव गप्प झाला, असं मला वाटायचं. जोगेश्वरीच्या आमच्या घरात रोज दिवा लागत होता, फुलं येत होती, पण हात जोडले की समोर कुणी ऐकतंय असं काही वाटेना. आईने तर मासेच सोडले. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना आवडायचं ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच. हळूहळू बाकीचं जेवणही चिमणीएवढं उरलं आणि बोलणं त्याहून कमी. मालाडच्या बाजारात नेहमीची कोळीण विचारायची, "आय बरी हाय ना गो तुजी?" मी मान डोलवायचे आणि पापलेट न घेताच परत फिरायचे.

गावचं घर भावकीत कधीच विकलं गेलं होतं. तरी बाबा दरवर्षी कुणाच्या तरी पडवीत पथारी टाकून राहायचे, ते नदीवर गळ टाकण्यासाठी. "काठारच झोपूक गावला असता तर," असं परतताना म्हणायचे. ते मनात धरून माझ्या दादाने या हिवाळ्यात नदीकाठीच मुक्काम करता येईल असं चाकांवरचं घर भाड्याने घेतलं. आत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं झकास. आई फक्त "येते" म्हणाली. घाटात भांडी अशी खणखणत होती की वहिनी वैतागून दादाला म्हणाली, "अरे, याच्यापेक्षा एसटी शांत असते!" आई हसली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

नदीकाठी गाडी लावल्यावर दादा बाबांचा गळ घेऊन थेट पाण्याकडे निघाला. मी त्याला थांबवलं. बाबा आधी नदी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आम्ही भावंडं लहानपणापासून खिदळत होकार तेवढा द्यायचो. मागणं मागायला बाबा होतेच, ते शिकून घ्यायचं कुणाला सुचणार?

"मोबाईलवर मिळेल ना," दादा म्हणाला. रेंज नव्हती. "मग तूच घाल यार, तुला बोलता येतं."

मी नारळ ठेवला. "बा राखणदारा म्हाराजा," एवढं बाबांचं आठवलं. पुढे माझी मुंबईची भाषा सुरू झाली. "आम्ही जोगेश्वरीहून आलोय. आमचे बाबा इथे यायचे. ते आता नाहीत." एवढं बोलले आणि डोळे भरून आले. होकार द्यायचं कुणाला सुचलं नाही, दादा मान खाली घालून उभा होता. बाबा हवे होते, दुसरं काही नको होतं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

गुडघाभर पाण्यात शिंपल्या, म्हणजे आमच्याकडच्या तिसऱ्या, वेचणारी एक बाई कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होती. ओळख ना पाळख, पण तिने हात जोडले होते. मी मध्येच थांबलेली पाहून ती ओरडली, "सांग गो फुडे! मी आसंय!"

मी डोळे पुसले. "आमच्या आईला पुन्हा जेवावंसं वाटू दे, म्हाराजा." पलीकडून होकार आला आणि त्यात आणखी एक आवाज मिसळला. मागे गाडीच्या पायरीवर बसलेली आई हात जोडून म्हणत होती, "व्हय म्हाराजा." म्हणता म्हणता ती रडायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही सगळे एकत्र रडलो.

सावरून पाहिलं तेव्हा ती बाई टोपली घेऊन वळणापलीकडे निघून गेली होती. आभार मानायचे राहूनच गेले. संध्याकाळपर्यंत गळाला काही लागलं नाही. दादा हिरमुसला, तर आई म्हणाली, "तुमच्या बाबांका तरी खंय गावत? येताना इकत घेऊन येयत!" आणि ती खुदकन हसली. "जा, बाजार उठायच्या आधी बांगडे घेऊन ये."

त्या संध्याकाळी बाबांच्या नदीकाठी आई पोटभर जेवली.

ती बाई कोण, हे मी शोधलं नाही. देवाने उत्तर कुठून द्यावं हे मी ठरवून बसले होते, ते तेवढं सोडून दिलं. बाबांची आठवण अजूनही दाटून येते, विशेषतः दिवा लावताना. तेव्हा मी मनातलं मोठ्याने बोलते, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "व्हय म्हाराजा."