पितळी टोकन नंबर सतरा

घरून काम करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं मला वाटायचं. एकटी होते तेव्हा नव्हतंच. पण तीन माणसं एका जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली की रोज काहीतरी घडतं, आणि मग किस्से इतके साचतात की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीत, शेजारच्या टॉवरमध्ये, दामलेकाका एकटेच राहतात. बँकेतून रिटायर झालेले. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. वादळात आमच्या टॉवरचं इंटरनेट तीन दिवस बंद पडलं आणि मी लॅपटॉप घेऊन लिफ्टपाशी बसलेली त्यांना दिसले. "माझ्याकडे नेट चालू आहे, तीन खोल्या आणि भक्कम इन्व्हर्टर आहे. या की," म्हणाले. मी गेले, मग सोसायटीतलीच मधुरा आली, मग समीर.

पहिल्याच दिवशी दारात मस्टर. पेन दोऱ्याने बांधलेलं.

"काका, आम्ही फक्त बसायला आलोय."

"बसा. आधी सही करा, वेळ टाका."

नऊ वाजून दहा मिनिटांनंतर आलेल्याला लाल शेरा मिळायचा.

*

कॉलसाठी शांत अशी एकच खोली, काकांची बेडरूम. तिच्यासाठी एक पितळी टोकन होतं, नंबर सतरा, बँकेतल्या जुन्या दिवसांची आठवण. टोकन हातात असेल त्यानेच दार लावायचं.

एका शुक्रवारी समीर ते खिशात घालून घरी गेला आणि सोमवारी उशिरा उगवला. मधुराचा बॉसबरोबर महत्त्वाचा कॉल.

"काका, खोली रिकामी आहे हो."

"आहे. पण टोकन नाही."

शेवटी तिने कॉल स्वयंपाकघरात घेतला, कुकरशेजारी उभं राहून. रिपोर्ट कधी मिळेल, असं बॉसने विचारलं. मधुराचं लक्ष कुकरकडे. ती म्हणाली, "टू मोअर शिट्टीज, सर."

*

दुपारचा स्वयंपाक रेखादी करतात. समीर परदेशी क्लायंटला प्रेझेंटेशन देत होता, त्या दिवशी टोकन मधुराकडे होतं म्हणून हॉलमधूनच. रेखादी सरळ कॅमेऱ्यासमोर आल्या. "दादा, बेगून भाजा खाबेन?" आणि तळलेल्या वांग्याची ताटली पुढे केली.

समीर घामाघूम. पुढच्या मीटिंगची कार्यक्रमपत्रिका आली, त्यात क्लायंटने पहिला विषय टाकला होता: वांग्याची कृती.

*

मी दोन दिवस येणार नव्हते. काकांनी रजेचा अर्ज मागितला. मी कारण लिहिलं, "वैयक्तिक". अर्ज परत आला. शेरा होता, "कारण स्पष्ट करावे."

मी चिडून लिहिलं, "कंटाळा आला आहे."

लगेच मंजूर. खाली बारीक अक्षरात, "आम्हालाही."

*

काकांचा मुलगा निखिल पुण्याला असतो. बाबा एकटे पडलेत हे त्याच्या डोक्यात पक्कं. फोनवर काका टाळत राहिले, तेव्हा तो स्वतःच आला, दोघांची परतीची तिकिटं काढून. "फ्लॅट भाड्याने देऊ. आता तिथेच राहायचं."

त्या दिवशी आम्ही तिघेही गुपचूप काम करत होतो. जागा गेली असती ती गेलीच असती, पण मला काका हवे होते.

जेवणं झाल्यावर काकांनी आमच्यासमोर एक कागद ठेवला. अर्जच होता, रीतसर. 'विषय: कायमची रजा मिळणेबाबत. कारण: मुलाचा आग्रह.'

मधुराने तो वाचला, मला दिला, मी समीरला दिला. मग तिने दोऱ्याचं पेन ओढून घेतलं आणि लिहिलं, "नामंजूर. पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाही." खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन रेखादींनीही केली, बंगालीत.

काकांनी चष्मा पुसला आणि कागद निखिलकडे सरकवला. "बघ बाबा. वरून मंजुरी नाही."

निखिलने तो दोनदा वाचला. आमच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या तीन लॅपटॉपांच्या वायरींकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

मग त्याने घड्याळ बघितलं. "बाबा, माझा चारला कॉल आहे. ते टोकन कुठे मिळतं?"

काकांनी दाराकडे बोट दाखवलं.

"आधी मस्टरवर सही. वेळ टाक."