रोबोटनं केलेली आरती

दसऱ्यानंतरच्या सोमवारी दुपारी कारखान्यातल्या रोबोटच्या हातानं माझ्या दादाला जाळीवर दाबलं. दादा गेला.

तो वाळूजला एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात. यंत्रं माणसांवर उलटतात अशा भविष्यकथा मी वाचायचो आणि तो हसायचा. म्हणायचा, "त्याला माणूस दिसतच नाय रे, वैर कुठून करील? दार तेवढं नीट लागलेलं असावं."

दार म्हणजे रोबोटभोवतीच्या जाळीचं. त्याला एक लोखंडी पट्टी असते. दार लागलं की ती चौकटीतल्या स्विचमध्ये शिरते. उघडलं की निघते आणि रोबोट जागीच थांबतो. माणसाचं रक्षण करणारी वस्तू एवढीच, बोटभर लांबीची.

यंदा खंडेनवमीच्या पूजेला कारखान्याच्या साहेबांना हौस आली की आरती रोबोटनंच करावी. त्याच्या हाताला ताट बसवलं, झेंडूची माळ घातली. व्हिडिओत सगळे नीट दिसायला दार उघडं हवं होतं, आणि दार उघडं तर रोबोट हलणार नाही. म्हणून एक सुटी पट्टी आणून स्विचमध्ये खोचली. आरती झाली, पेढे वाटले. पट्टी तशीच राहिली, कारण आता दार उघडलं तरी काम थांबत नव्हतं, आणि ते साहेबांना आवडलं.

दादानं साहेबांना ती काढायला दोनदा सांगितलं होतं. अंत्यविधीनंतर छावणी भागात राहणारा त्याचा कारखान्यातला सोबती मला बाजूला घेऊन हे बोलला. सोमवारी सकाळी साहेबांनी दादाला सांगितलं, पट्टी काढली. ती स्विचमध्ये तशीच होती. दुपारी एक भाग तिरका बसला म्हणून रोबोट थांबला. दादा दार उघडून आत गेला, त्यानं तो भाग सरळ केला. रोबोट त्याचीच वाट पाहत होता; भाग सरळ होताच त्याचा हात फिरला.

पाचव्या दिवशी कारखान्याचे एक अधिकारी मुकुंदवाडीला घरी आले. वहिनीची सही हवी होती. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. "यंत्राची अनपेक्षित हालचाल व मयताचा निष्काळजीपणा." त्यापुढं मला वाचवेना. रोज हजार वेळा करायची तीच हालचाल त्या यंत्रानं केली होती. अनपेक्षित काय होतं त्यात?

अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, मशीनपुढं कुणाचं काय चालतं?"

"नाय चालत, साहेब," वहिनी म्हणाली. "पण पट्टी काय मशीननं खोचली का?"

ते माझ्याकडं वळले. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा यांना, म्हणाले. मी कागद घडी घालून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजात व्याख्यान झालं: यंत्रं शत्रू झाली तर मानवजातीला कसं वाचवायचं. वक्ते म्हणाले, तो दिवस अजून लांब आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

रोबोट दोन दिवस बंद होता, आता तिन्ही पाळ्यांत चालतो. चौकशी संपलेली नाही. वहिनीनं सही केलेली नाही. घरात ती, तिच्या दोन मुली आणि मी आहोत.